घाटरस्त्यांसाठी रोड बाइक बांधताना सुरुवात टायरपासून करा

दुकानातली तयार रोड बाइक घेण्यापेक्षा फ्रेमपासून एकेक भाग निवडून सायकल बांधून घेणं जवळपास नेहमीच महाग पडतं. कंपनी हजारो ग्रुपसेट, म्हणजे गिअर आणि ब्रेकचे पूर्ण संच, एकगठ्ठा उचलते, आपण एकच घेतो. त्यामुळे पैसे वाचतील म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये. बांधून घ्यावी ती तीन कारणांसाठी: तुमच्या उंचीला आणि बांध्याला तयार मापं बसत नाहीत, तुमच्या रस्त्यांना लागतात तसे गिअर आणि टायर तयार सायकलींवर येत नाहीत, किंवा एखादी चांगली जुनी फ्रेम हाताशी आहे. यातलं एकही कारण नसेल तर सरळ तयार एंड्युरन्स बाइक, म्हणजे लांब पल्ल्याला आरामात बसवणारी रोड बाइक, घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर टाका.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी एक सायकलस्वार डोळ्यांसमोर धरू. वजन ७५ किलो, राहणं पुणे, सातारा, नाशिक किंवा कोल्हापूरकडे. सुटीच्या दिवशी ८०-१०० किमी, आणि वर्षातून दोन-तीन बीआरएम. बीआरएम ही लांब पल्ल्याची राइड. ती शर्यत नसते, पण मुदत ठरलेली असते: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे या माणसाला दिवसभर बसवेल, घाट चढेल, अंधारात खड्ड्यात गेली तरी चाक शाबूत राहील आणि पावसात ब्रेक लागतील अशी सायकल हवी. तुमचं वजन आणि रस्ते वेगळे असतील तर आकडे बदला, निर्णयांचा क्रम तोच ठेवा.

आधी टायर

नवखी मंडळी फ्रेमचा रंग आणि वजन बघून सुरुवात करतात. पण फ्रेम एकदा घेतली की तिच्यात जास्तीत जास्त किती रुंद टायर मावेल हे कायमचं ठरून जातं. ग्रुपसेट बदलता येतो, हँडल बदलता येतं, चाकं बदलता येतात; मागच्या दोन नळ्यांमधली आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातली (फोर्कमधली) मोकळी जागा वाढवता येत नाही.

आपल्या रस्त्यांसाठी २८ मिमी हा किमान आकडा धरा आणि ३२ मावेल अशी जागा ठेवा. मड्गार्ड लावायचे असतील तर मड्गार्डसकट ३२ मावायला हवा, हे फ्रेम घेण्याआधी स्पष्ट विचारून घ्या. विक्रेता ‘३२ बसतो’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा मड्गार्डशिवाय बोलत असतो. टायर आणि नळी यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ४ मिमी अंतर हवं, नाहीतर चाक जरा आउट झालं किंवा टायरला चिकणमाती चिकटली की नळीचा रंग खरवडायला सुरुवात होते. शिवाय रुंद रिमवर टायर छापील आकड्यापेक्षा एक-दोन मिमी जास्त फुगतो.

रुंद टायर म्हणजे मंद सायकल, हा समज गुळगुळीत ट्रॅकवरून आला आहे. खडबडीत डांबरावर टणक भरलेला २३ चा टायर प्रत्येक उंचवट्यावर सायकल आणि अंग दोन्ही उडवतो, आणि ती उडवण्याची ताकद तुमच्याच पायातून जाते. ७५ किलोच्या माणसाने २८ मध्ये ७०-७५ पीएसआय आणि ३२ मध्ये ५५-६० च्या आसपास सुरुवात करून बघावी. आराम फ्रेमच्या धातूपेक्षा टायरमधल्या हवेतून जास्त मिळतो. फ्रेमच्या जाहिराती हे सांगत नाहीत, त्याचं कारण उघड आहे.

ट्यूबलेस करावं का? बाभळीच्या काट्यांच्या भागात राहत असाल तर करावं. टायरमधलं सीलंट, म्हणजे चिकट द्रव, असले बारीक छेद चालत्या चाकात बुजवतं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फाटक्या टायरांतून आलेल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्यांवरही उपाय होतो. पण आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी भरायची तयारी हवी. हुकलेस, म्हणजे टायर अडवणारी आतली कड नसलेली, रिम घेणार असाल तर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि त्यावर ट्यूबलेससाठीच बनवलेला टायर लागतो. वजन जास्त असेल आणि २८ चाच टायर हवा असेल, तर हुकवाली रिम बरी.

मग ब्रेक

टायर ठरला की ब्रेक आपोआप ठरत येतो. रोडचा नेहमीचा छोट्या पोहोचीचा रिम ब्रेक २८ पर्यंत कसाबसा नेतो. मध्यम पोहोचीचा, ४७ ते ५७ मिमीचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकची पकड, ३२ घेतो, पण त्यासाठी फ्रेमही त्याच मापाने बनलेली असावी लागते. मड्गार्डसह ३२ हवा असेल तर डिस्क ब्रेकची फ्रेम घेणं सरळ पडतं.

पावसाचा मुद्दा त्याहून मोठा. रिम ब्रेकची रबरं आधी रिमवरचं पाणी पुसतात आणि मग धरतात. तेवढ्यात महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना एक वळण निघून गेलेलं असतं. आंबेनळीचा तो उतार सुमारे ४० किमीचा आहे. पावसात रस्त्यावरची बारीक कच रबरात रुतून रिमच कातरते, ती गोष्ट वेगळीच. तरीही सपाट प्रदेशात राहणाऱ्या आणि पावसाळ्यात सायकल बाहेर न काढणाऱ्याला रिम ब्रेक आजही पुरतात. हलके, स्वस्त आणि कोणत्याही दुकानात दुरुस्त होणारे.

डिस्कमध्ये तारेचा की तेलाचा? तेलाचा हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतो; दिवसभराच्या राइडनंतर हात दुखत नाहीत. पण त्याचे लिव्हर महाग, आणि तो गळायला लागला तर आडरस्त्याला उपाय नसतो. तारेचा डिस्क ब्रेक घेतलात तर कुठल्याही तालुक्याच्या गावात तार बदलून पुढे जाता येतं. माझा कौल पैसे असतील तर हायड्रॉलिकला, आणि बजेट घट्ट असेल तर चांगल्या प्रतीच्या तारेच्या कॅलिपरला. तारेचा घेताना ‘रोड’ लिव्हरसाठीचा कॅलिपर मागा. माउंटन बाइकचा कॅलिपर जास्त तार ओढणारा लिव्हर मागतो आणि रोड लिव्हरवर तो धड लागत नाही. आणि एक ध्यानात ठेवा: शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, काही इतर ब्रेकना डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतली सीलं फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

शरीराची मापं

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. हे अंतर गुणिले ०.८८३ म्हणजे बीबीच्या, पेडलचे दांडे (क्रँक) ज्याभोवती फिरतात त्या जागेच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची साधारण उंची. ७८ सेंमी असेल तर सुमारे ६९ सेंमी. हा आरंभाचा अंदाज आहे. क्रँकची लांबी, बुटाचा तळ आणि अंगाची लवचिकता यांनी तो सेंटिमीटरभर हलतो.

फ्रेमवर छापलेल्या ५२, ५४, ५६ या आकड्यांवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनी वेगळी नळी मोजते. दोन फ्रेमची खरी तुलना स्टॅक आणि रीच या दोन मापांनी होते. स्टॅक म्हणजे बीबीच्या मध्यापासून हँडलखालच्या हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. स्टॅकला रीचने भागा. उत्तर १.४५ च्या खाली आलं तर शर्यतीची, वाकून बसवणारी फ्रेम, १.५ च्या पुढे आलं तर ताठ बसवणारी. नव्या माणसाने ताठ बसवणारीकडे झुकावं. हँडल नंतर खाली घेता येतं, पण वर घ्यायला स्पेसरच्या कड्यांची चळत लावावी लागते आणि ती दिसतेही वाईट.

सध्या जी सायकल चालवता तिचीही मापं वहीत उतरवून ठेवा: सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, आणि सीट हँडलपेक्षा किती वर. मान आणि तळहात दुखत असतील तर नवी सायकल त्यापेक्षा आखूड किंवा उंच हवी. बांधकामाच्या खर्चातून फिटिंगच्या एका सत्राचे पैसे बाजूला काढता आले तर काढा, आणि ते फ्रेम घेण्याआधी करा. फ्रेम आल्यावर केलेलं फिटिंग म्हणजे फक्त तडजोडींची यादी.

उंची साडेपाच फुटांच्या आत असलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, आणखी एक गोष्ट तपासावी. छोट्या फ्रेमवर ७०० सीचं, म्हणजे रोड बाइकचं नेहमीचं मोठं चाक असेल तर वळताना पावलाचं टोक पुढच्या चाकाला किंवा मड्गार्डला लागतं. वेगात ते होत नाही, पण हळू चढताना, वळणावर, नेमकं होतं. बांधून घेणाऱ्याला यावर उपाय आहेत: चिमटा जरा पुढे झुकलेला, आखूड क्रँक, किंवा थोडी लहान ६५० बीची चाकं. तयार छोट्या सायकलींत कंपन्या इथे सर्रास हात झटकतात.

फ्रेमचा धातू आणि तिची भूमिती

स्टील, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, कार्बन. यावर लोक रात्ररात्र भांडतात.

क्रोमोली स्टीलची फ्रेम साधारण १.८ ते २.२ किलोची, चांगल्या ॲल्युमिनियमची १.२ ते १.६, कार्बनची किलोच्या आसपास. किलोभराचा फरक मोठा वाटतो, म्हणून एकदा हिशेब करून बघा. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या जवळ, मध्ये पसरणी घाटाचे बारा-एक किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ ५ टक्के. सायकल, पाणी, पिशवी आणि स्वार मिळून ८७ किलो धरले तर एक किलो म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. सव्वा तासाच्या चढात तो पाऊण ते एक मिनिट वाचवतो. ज्याला ते मिनिट महत्त्वाचं आहे त्याने जरूर पैसे द्यावेत.

माझ्या मते लांब पल्ल्याच्या पहिल्या बांधणीसाठी स्टीलची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा ही शहाणी जोडी. स्टीलची नळी वाकली तर दिसते, तडकली तर जोडता येते आणि तुमच्या मापाची बनवून मिळते, कारण नळ्या कापून जोडायला साचा लागत नाही. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची, कोलंबस ही इटलीची, या दोघांच्या नळ्यांची नावं फ्रेमवर दिसतील. रेनॉल्ड्सची ५३१ ही प्रसिद्ध नळी १९३५ मधली. आज ५२५, ७२५, ८५३ असे आकडे आढळतात. आकडा वाढला की नळी जास्त ताकदीची, म्हणून पातळ आणि हलकी. नवख्याला ५२५ किंवा ७२५ आणि ८५३ मधला फरक पायाला कळणार नाही, खिशाला कळेल.

स्टीलचा शत्रू गंज, आणि तो आतून लागतो. पावसात सीटपोस्टच्या फटीतून शिरलेलं पाणी बीबीपाशी साचतं. बीबीच्या खाली निचऱ्याचं भोक आहे ना बघा, बांधण्याआधी नळ्यांच्या आत गंजरोधक मेणाचा फवारा मारून घ्या, आणि पावसाळ्यानंतर एकदा सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेत राहत असाल आणि खिसा परवानगी देत असेल, तर टायटॅनियम तिथे शोभेची वस्तू ठरत नाही. रंग नाही, गंज नाही. कार्बन वाईट मुळीच नाही, पण सायकल बसच्या टपावरून किंवा रेल्वेच्या डब्यातून न्यावी लागणाऱ्याने दोनदा विचार करावा. नळीवर बाहेरून दाब पडला की आतले थर सुटतात आणि बाहेर फक्त एक ओरखडा दिसतो.

भूमितीचे दोन आकडे पाहा. मागच्या आडव्या नळीची, म्हणजे चेनस्टेची लांबी: शर्यतीच्या फ्रेममध्ये ती ४१० मिमीच्या आसपास असते, मड्गार्ड आणि सामानासाठी ४२० ते ४३० हवी, नाहीतर टाच पिशवीला लागते. दुसरा, ट्रेल, म्हणजे हँडल फिरतं तो अक्ष जमिनीला जिथे टेकेल तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. हेड अँगल (हेडट्यूबचा कल) ७३ अंश आणि चिमट्याचा झुकाव ४५ मिमी असेल तर ३० च्या टायरसह ट्रेल सुमारे ५७ मिमी येतो. अँगल ७२ केला तर ६३. पहिली सायकल चटकन वळते, दुसरी रात्री थकल्यावर सरळ रेषेत राहते. ६०० किमीच्या दुसऱ्या पहाटे कोणती हवी ते तुम्हीच ठरवा.

फ्रेम बनवून घेत असाल तर जोडकाम सुरू होण्याआधी कागदावरचं ड्रॉइंग मागा: स्टॅक, रीच, दोन्ही अँगल, चेनस्टे, बीबी ड्रॉप (चाकांच्या मध्यापेक्षा बीबी किती खाली), टायरची मड्गार्डसह जागा, बाटलीच्या जागा, मड्गार्ड आणि कॅरिअरची भोकं. ते वाचून, शंका विचारून मगच होकार द्या. बाहेरून मागवत असाल तर किंमत म्हणजे वस्तूची किंमत, वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून दारात येईपर्यंतचा आकडा.

जुनी फ्रेम सापडली तर

घरच्या माळ्यावरची किंवा जुन्या बाजारातली स्टीलची रेसर फ्रेम मोहात पाडते. घेण्याआधी मागच्या चाकाची रुंदी मोजा. १२६ मिमी असेल तर ती सहा-सात गिअरच्या काळातली, १३० असेल तर आठ ते अकरा गिअरची रिम ब्रेकची चाकं सरळ बसतात. स्टील असल्यामुळे १२६ ची १३० करून घेता येते, ॲल्युमिनियमला तो प्रयत्न करू नये. सीटपोस्ट आणि हँडलचा दांडा हलतो का पाहा. वर्षानुवर्षं गंजून अडकलेला असेल तर तो काढण्यात फ्रेमच्या किमतीएवढा खर्च जाईल.

चाकांच्या नावांत एक सापळा आहे. आपल्या काळ्या दूधवाल्या सायकलीचं २८ इंची चाक रिमवर ६३५ मिमी असतं, जुन्या रेसरचं २७ इंची ६३०, आणि ७०० सी म्हणजे ६२२. तिन्ही उभी केली तर डोळ्याला सारखी दिसतात. टायर मागताना इंच सांगू नका, टायरच्या बाजूवर छापलेला ६२२ हा आकडा दाखवा.

गिअर: सगळ्यात हलका गिअर आधी ठरवा

दुकानात गप्पा होतात त्या सगळ्यात वेगवान गिअरच्या. घाटात लागतो तो दुसऱ्या टोकाचा, आणि बांधून घेण्याचा खरा फायदा इथेच आहे.

समजा चढ ८ टक्क्यांचा आहे आणि पाय मिनिटाला ६० फेरे मारतायत. २८ च्या टायरचा घेर सुमारे २.१४ मीटर. पुढे ३४ दाती आणि मागे २८ दाती असेल तर सायकल ताशी ९.३ किमीने जाईल आणि आपल्या ८७ किलोला सुमारे १९० वॉट लागतील. मागे ३४ दाती असेल तर वेग ७.७, ताकद साधारण १५५ वॉट. जुन्या शर्यतीच्या ३९ बाय २५ वर त्याच पायगतीला २४० च्या वर वॉट लागतील. नवखा माणूस तासभर १५५ काढू शकतो; २४० काढायला जाईल तर पायगती चाळिशीवर येईल आणि गुडघे बोलू लागतील. सिंहगडाच्या रस्त्यावर तर दहा टक्क्यांच्या पुढचे तुकडे येतात.

म्हणून किमान १:१, म्हणजे ३४ बाय ३४. त्याहून हलका मिळाला तर आनंदाने घ्या. पुढे ४६/३० दात्यांचा क्रँक आणि मागे ११-३४ कॅसेट (मागच्या दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा) घेतली तर सगळ्यात हलका गिअर ०.८८ होतो, आणि ४६ बाय ११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी ४८ किमी जाता येतं. उतारावर त्याहून वेगाने जाताना पेडल कोण मारतं? शिमानोचा जीआरएक्स क्रँक घेत असाल तर त्याची चेनलाइन, म्हणजे चेन चालते ती रेषा, रोडच्या क्रँकपेक्षा अडीच मिमी बाहेर असते, म्हणून पुढचा डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जीआरएक्सचाच लागतो.

ग्रुपसेटची पायरी निवडताना फार जीव टाकू नका. शिमानोमध्ये क्लारिस ८ गिअरचा, सोरा ९, टियाग्रा ४७०० हा १०, १०५ चा आर ७००० हा ११ आणि आर ७१०० हा १२. वर जाल तसं वजन कमी आणि गिअर मऊ पडतात, पण चेन आणि कॅसेट महाग होत जातात. पैसे कमी असतील तर सोरा घेऊन उरलेले चाकांत घाला. सोऱ्याची आणखी एक सोय म्हणजे शिमानोमध्ये ९ गिअरपर्यंत रोडचा आणि माउंटनचा मागचा डिरेलर तार सारखीच ओढतो, त्यामुळे माउंटनचा ९ चा डिरेलर लावून ३६ दात्यांची कॅसेट चालवता येते. १० पासून हे जमत नाही. टियाग्रा ४७०० ची तारेची ओढ आधीच्या १० गिअरच्या सेटशीही जुळत नाही, ती ११ च्या रोड सेटशी जुळते. जुना डिरेलर स्वस्तात मिळाला म्हणून उचलणारे इथे फसतात.

मागच्या डिरेलरची ‘क्षमता’ तपासायचं गणित सोपं आहे. पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या आणि छोट्या चकतीतला फरक. ५०/३४ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. १०५ आर ७००० चा लांब पिंजऱ्याचा डिरेलर नेमका ३९ घेतो, आखूड पिंजऱ्याचा फक्त ३० दात्यांपर्यंत जातो. दोन्ही एकाच नावाने विकले जातात, तेव्हा मॉडेलच्या शेवटी ‘जीएस’ आहे ना पाहून घ्या.

चाकं

चाकांवर मी कधीही कंजुषी करणार नाही, आणि तरीही महागडी चाकं घ्या असं म्हणणार नाही. ७५ किलोच्या माणसाला खड्ड्यांच्या रस्त्यावर ३२ स्पोकचं, तीनदा ओलांडलेल्या विणीचं, हाताने बांधलेलं चाक हवं. रिमची आतली रुंदी १९ ते २१ मिमी. स्पोक मध्ये बारीक आणि टोकांना जाड असलेले, २.०/१.८/२.० मिमीचे, ते मधल्या भागात ताणले जातात आणि धक्का सोसतात, म्हणून सरळ जाड स्पोकपेक्षा कमी तुटतात. हब आणि रिम दोन्हींची भोकं सारखी हवीत, हे वाचायला बाळबोध वाटेल, पण ऑनलाइन वेगवेगळ्या दिवशी मागवलेल्या ३२ च्या हबला २८ ची रिम येऊन पडते.

चाक बांधणाऱ्याकडून पुढचा, मागचा उजवा आणि मागचा डावा अशा तिन्ही लांबींचे दोन-दोन जादा स्पोक मागून घ्या आणि चेनस्टेला चिकटवून ठेवा. वीस स्पोकचं चकचकीत चाक एक स्पोक तुटताच ब्रेकला किंवा फ्रेमला घासतं. ३२ चं चाक तुम्हाला घरी आणतं. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाकाचा आउट एकदा काढून घ्या, कारण नवे स्पोक बसतात आणि ताण थोडा उतरतो.

रोड रिमचं वाल्वचं भोक ६.५ मिमीचं, बारीक प्रेस्टा वाल्वपुरतं असतं. गावातल्या पंक्चरवाल्याची मोटरसायकलच्या वाल्वची ट्यूब त्यातून जात नाही आणि त्याचा पंप प्रेस्टाला लागत नाही. पितळी अडॅप्टर दहा-वीस रुपयांच्या घरातली वस्तू आहे, सीटखालच्या पिशवीत दोन टाका.

मापांची वही

एकही भाग मागवण्याआधी फ्रेमच्या विक्रेत्याकडून ही मापं लिहून घ्या. यातलं एक चुकलं की भाग परत पाठवायची वेळ येते:

- बीबीचा प्रकार. आट्यांचा ६८ मिमीचा बीएसए सगळ्यात निर्धोक. दाबून बसवायचे प्रकार कच आणि पाण्याने कुरकुरतात.
- हेडट्यूब सरळ की खाली रुंद होणारी, आणि तिचा हेडसेट, म्हणजे बेअरिंगचा संच, कोणता.
- ॲक्सल. डिस्कसाठी आता पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२ मिमी.
- डिस्क कॅलिपरची बैठक, बहुधा फ्लॅट माउंट, आणि रोटर (ब्रेकची चकती) १४० की १६०. घाटासाठी पुढे तरी १६०.
- सीटपोस्टचा व्यास. २७.२ मिमी असेल तर उत्तम, बारीक पोस्ट थोडी लवते.
- पुढच्या डिरेलरची पकड: नळीला आवळायची की फ्रेमवरच्या बैठकीवर.
- हबची फ्रीहब बॉडी, म्हणजे कॅसेट बसते तो भाग. ११ गिअरची रोड बॉडी ८-९-१० च्या बॉडीपेक्षा १.८५ मिमी लांब असते. शिमानोची ११ गिअरची ११-३४ कॅसेट मात्र जुन्या बॉडीवरही बसते, आणि नव्या बॉडीवर तिच्यामागे १.८५ मिमीचा स्पेसर टाकावा लागतो.

तारा नळ्यांच्या आतून न्यायच्या की बाहेरून? बाहेरून. आतली हँडलमधून जाणारी रचना देखणी असते, पण हेडसेटचं बेअरिंग बदलायला ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर बेअरिंग बदलावंच लागतं.

हँडल, सीट, पेडल

हँडलची रुंदी खांद्यांच्या हाडांएवढी, ३८ ते ४४ सेंमी यांत. आखूड पोहोचीचं आणि कमी खोलीचं हँडल घ्या, म्हणजे खालची पकड खरोखर वापराल. क्रँक उंचीला साजेशी, बुटक्यांना १६५ किंवा १७०.

सीटबद्दल कोणाचं ऐकू नका, माझंही. बसण्याच्या दोन हाडांतलं अंतर मोजून रुंदी ठरवा आणि शक्य असेल तर कोणाची तरी उसनी घेऊन तीन-चार तास बसून बघा. मऊ गादी पहिल्या तासाला सुखाची आणि सहाव्याला शिक्षा असते. पेडल बूट क्लीटने अडकवायच्या, दोन बोल्टच्या एसपीडी पद्धतीचे घ्या. त्या बुटांनी चहाच्या टपरीपर्यंत, बीआरएमच्या कंट्रोलवर (तपासणीच्या ठिकाणी) शिक्का घ्यायला किंवा दरड पडलेल्या रस्त्यावर सायकल खांद्यावर घेऊन चालता येतं. तीन बोल्टच्या रोड क्लीटवर ते बदकासारखं होतं.

बांधणी

स्टीलची फ्रेम रंगवून आली की बीबीच्या आट्यांत आणि हेडट्यूबच्या कडांवर रंग साठलेला असतो. त्या आट्या पुन्हा फिरवून आणि कडा समांतर करून घ्यायच्या. त्याची हत्यारं महाग असतात, म्हणून हे काम दुकानातच करा. बीएसए बीबीच्या उजव्या बाजूच्या आट्या उलट्या असतात, पेडलमध्ये डाव्या. धातूला धातू भिडतो तिथे ग्रीस, टायटॅनियमला अँटीसीझ, आणि कार्बनला ग्रीसऐवजी त्याची कणीदार पेस्ट. टॉर्क रेंच घ्या किंवा उसना आणा: स्टेमचे (हँडल धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर, शिमानोच्या डाव्या क्रँकचे १२ ते १४, कॅसेटची लॉकरिंग ४०. भागावरच आकडा छापलेला असेल तर तोच पाळा.

काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर मेकॅनिकला सगळे भाग एकदम द्या. दर आठवड्याला एक भाग घेऊन जाणाऱ्याची सायकल कोपऱ्यात पडून राहते, आणि स्पेसर हरवतात.

चिमट्याची नळी मात्र शेवटी कापा. सुरुवातीला स्टेमखाली दोन-तीन सेंटिमीटर स्पेसर आणि वरही एखादा ठेवून सायकल चालवा. तीन-चारशे किलोमीटरमध्ये हँडल वर हवं की खाली हे पाठ आणि मान सांगतील. त्याप्रमाणे स्पेसर वर-खाली करा. उंची सलग काही राइड तशीच राहिली की मग कापायला द्या, आणि तेव्हाही पाच मिमीचा एक स्पेसर स्टेमच्या वर राहू द्या.